मधुमेह दिनाचा फ्लेक्स लावावा का?

वाचक डॉक्टरांचे पत्र, संक्षेपाने: "मी एम. डी. मेडिसिन आहे आणि माझे पती बालरोगतज्ज्ञ आहेत. सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी आम्ही तीन वर्षांपूर्वी दवाखाना सुरू केला. ओपीडी चालते, पण कर्जाचा हप्ता सहज निघावा इतकी नाही. एका जाहिरात संस्थेने महिना १५,००० रुपयांत वर्षभरातील सर्व आरोग्यदिनांच्या पोस्ट, आम्हा दोघांच्या फोटोंसह फ्लेक्स आणि बऱ्या झालेल्या पेशंटांचे व्हिडिओ करून देण्याचा प्रस्ताव दिला आहे. नव्या प्रत्येक पेशंटमागे त्यांचे वेगळे शुल्क राहील. सुरुवात १४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनापासून करायची, मोफत शिबिर घ्यायचे आणि तीन दिवस सर्व तपासण्यांवर ५० टक्के सूट द्यायची, असे ते म्हणतात. एक औषध कंपनी ग्लुकोमीटरच्या पट्ट्या फुकट द्यायला तयार आहे. शहरातील एका मोठ्या रुग्णालयाचे फलक आमच्या एस. टी. स्थानकासमोर लागलेच आहेत. काळाप्रमाणे चालावे असे पतींना वाटते, तर गावातील ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात की हे आपल्या पेशाला शोभत नाही. यातले नियमात काय बसते? आणि अशा दिनांमुळे पेशंट खरोखर येतात का?"

सप्रेम नमस्कार.

नियमांपासून सुरुवात करू, कारण तुम्हाला मिळालेल्या प्रस्तावातील निम्म्याहून अधिक गोष्टी तिथेच गळून पडतात आणि मग दुसऱ्या प्रश्नाचा विचार मोकळेपणाने करता येतो.

डॉक्टरांचे व्यावसायिक वर्तन, शिष्टाचार आणि नीतिमत्ता यांविषयीचे भारतीय वैद्यक परिषदेचे विनियम २००२ सालचे आहेत. त्या परिषदेची जागा घेतलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये या विनियमांच्या जागी नवे विनियम अधिसूचित केले होते आणि त्यांत समाजमाध्यमांवर डॉक्टरांनी कसे वागावे याचे स्वतंत्र मार्गदर्शनही होते. परंतु ते त्याच महिन्यात स्थगित झाले आणि २००२ चे विनियम पुन्हा लागू करण्यात आले. त्यांतील ६.१ या कलमानुसार रुग्णांना प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे आपल्याकडे ओढण्याचा प्रयत्न करणे अनैतिक ठरते, मग तो प्रयत्न एकट्या डॉक्टरने केलेला असो, डॉक्टरांच्या गटाने किंवा एखाद्या संस्थेने. वृत्तपत्रात रीतसर निवेदन देण्याची मुभा आहे, पण ती व्यवसाय सुरू केल्याचे, पत्ता बदलल्याचे, काही काळ रजेवर असल्याचे व पुन्हा रुजू झाल्याचे कळवण्यासाठी, तसेच आपले शुल्क जाहीर करण्यासाठी. आपण केलेल्या उपचारांची आणि बऱ्या केलेल्या रुग्णांची बढाई मारणे, किंवा तशी प्रसिद्धी होऊ देणे, यालाही त्याच कलमात मनाई आहे. तेव्हा व्हिडिओ आम्ही नव्हे, जाहिरात संस्थेने टाकला होता, हा बचाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेपुढे टिकणारा नाही.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे कलम मात्र ७.११ हे आहे. रोग आणि उपचार यांविषयीचे ज्या लेखनाचे किंवा मुलाखतीचे पर्यवसान स्वतःच्या जाहिरातीत होईल ते डॉक्टरने करू नये, असे ते सांगते. परंतु सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यदायी राहणी या विषयांवर स्वतःच्या नावाने लिहिण्यास, व्याख्याने देण्यास, आकाशवाणी, दूरचित्रवाणी व इंटरनेटवर बोलण्यास आणि अशा व्याख्यानाची सूचना वृत्तपत्राला पाठवण्यास तेच कलम स्पष्ट परवानगी देते. तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे कलम जरूर दाखवा. लोकांशी बोलणे पेशाला शोभत नाही, हा समज नियमांतून आलेला नाही.

आता प्रस्तावाकडे वळू. तीन दिवसांची ५० टक्के सूट म्हणजे शुल्काची घोषणा नव्हे, ते सरळसरळ गिऱ्हाईक बोलावणे आहे. तुमचे शुल्क कमी ठेवायचे असेल तर बाराही महिने कमी ठेवा आणि दवाखान्यात पाटी लावा. पेशंटांचे व्हिडिओ बढाईच्या मनाईत येतात. शिवाय तालुक्याच्या गावात चेहरा झाकला तरी आवाजावरून माणूस ओळखू येतो, आणि ज्या पेशंटला उद्या पुन्हा तुमच्याकडेच यायचे आहे तो 'व्हिडिओ करू का' या प्रश्नाला मोकळेपणाने नाही म्हणू शकत नाही. नव्या पेशंटमागे शुल्क घेणारी जाहिरात संस्था ही नियमांच्या भाषेत रुग्ण मिळवून देणारी दलाल आहे, आणि दलाल वापरण्यास ७.१९ या कलमाने बंदी आहे. 'मधुमेह मुळापासून बरा' किंवा 'गोळ्या कायमच्या बंद' अशा धर्तीची पोस्ट त्यांनी तयार करून ठेवली असेल तर ती आजच काढायला सांगा. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने ज्या रोगांवरील औषधोपचारांच्या जाहिरातींना मनाई केली आहे त्यांच्या अनुसूचीत मधुमेहाचे नाव आहे आणि तो कायदा फक्त भोंदूंसाठी आहे असे समजण्याचे कारण नाही.

मोठ्या रुग्णालयाच्या फलकांविषयी तुमचा राग मला समजतो. विनियमांत संस्थांचा उल्लेख असला तरी वैद्यक परिषदेची शिस्तभंगाची कारवाई नोंदणीकृत डॉक्टरवर होते, कंपनीवर नाही. त्यामुळे ज्याच्याकडे पैसा जास्त त्याला मोकळीक जास्त अशी विचित्र स्थिती तयार झाली आहे. ती अन्याय्य आहेच. पण तक्रार झाली तर नोंदणी क्रमांक तुमचा पणाला लागेल, त्यांच्या विपणन विभागाचा नाही, हे लक्षात ठेवून तुम्हाला चालावे लागेल.

आरोग्यदिन ही मुळात निर्मळ गोष्ट होती आणि बाजाराने ती नासवली, असेही मी म्हणणार नाही. स्तनकर्करोग जागृतीचा ऑक्टोबर महिना १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झाला तेव्हा अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या जोडीला इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीचा औषध विभाग होता, आणि स्तनकर्करोगावर वापरले जाणारे टॅमॉक्सिफेन हे त्याच कंपनीचे औषध होते. जागतिक मधुमेह दिन १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी सुरू केला. चार्ल्स बेस्ट यांच्यासह इन्शुलिनचा शोध लावणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस म्हणून १४ नोव्हेंबर ही तारीख निवडली गेली आणि २००६ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांनी तिला मान्यता दिली. हेतू आणि व्यवहार दोन्ही पहिल्यापासून शेजारीच नांदत आले आहेत. एखाद्या दिनामुळे तुमच्या दवाखान्याचे नाव चार लोकांना कळले म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. त्या दिवशी तुम्ही केलेल्या कामाचा उपयोग, तुमच्याकडे पुन्हा कधीच न येणाऱ्या माणसालाही होतो की नाही, एवढेच तपासा. माझ्या मते योग्य आणि अयोग्य यांतली रेषा नेमकी तिथे आहे.

या कसोटीवर बहुतेक पोस्ट नापास होतात. 'जागतिक मधुमेह दिनाच्या हार्दिक शुभेच्छा' असे लिहिलेले, हात जोडलेल्या डॉक्टरांचे छायाचित्र असलेले चित्र दर वर्षी फिरते. (एड्स दिनाच्या शुभेच्छा देणारेही असतात.) असे चित्र पाहून कोणी साखर तपासायला उठत नाही. आणि तपासायला उठण्याची गरज तर मोठी आहे: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

तुम्हा दोघांच्या व्यवसायांना एकत्र जोडणारे एक उदाहरण सांगतो. आपल्याकडे १४ नोव्हेंबर हा बालदिनही आहे, म्हणून ते अधिकच लागू पडते. इटलीतील पार्मा प्रांतात १९९१ पासून शाळांमध्ये आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक साधे भित्तिपत्रक लावण्यात आले. मूल नेहमीपेक्षा जास्त पाणी पिते का, जास्त लघवी करते का, अंथरूण ओले करायचे थांबलेले मूल पुन्हा करू लागले आहे का, एवढाच त्याचा विषय होता. डॉक्टरांना लघवीतील व रक्तातील साखर तिथल्या तिथे मोजण्याची साधने दिली गेली. मोहिमेपूर्वीच्या काळात तेथे नव्याने मधुमेह निघालेल्या मुलांपैकी ७८ टक्के मुले किटोअॅसिडोसिसच्या, म्हणजे इन्शुलिनअभावी रक्तात आम्ल साचण्याच्या, गंभीर अवस्थेत पोहोचलेली असत; पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आले. त्या मोहिमेचे यश मोजताना कोणत्या दवाखान्यात किती नवे पेशंट आले याचा हिशेब कोणी ठेवला नाही, किती मुले वेळेत सापडली याचा ठेवला.

हे काम तुमच्या तालुक्यात तुम्हाला करता येईल आणि त्याला महिना १५,००० रुपये लागणार नाहीत. आपल्याकडे मुलांमधला पहिल्या प्रकारचा (टाइप १) मधुमेह अनेकदा पोटदुखी, उलट्या किंवा जोरात चाललेला श्वास घेऊन येतो आणि पोटाचा विकार किंवा न्यूमोनिया समजून दोन मौल्यवान दिवस जातात, हे तुमच्या पतींना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका आणि आशा सेविका यांच्यासाठी त्यांनी तासाभराचे एक भाषण द्यावे, शाळेच्या फळ्याशेजारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात एक पत्रक लावावे, आणि गावातील सर्व डॉक्टरांना, ज्यांच्याशी तुमची स्पर्धा आहे त्यांनाही, एक विनंती करावी: मूल मलूल आहे आणि लघवी जास्त होते असे आईने सांगितले, तर त्याच क्षणी बोटातून रक्त घेऊन साखर पाहावी. पत्रकावर तुमच्या दवाखान्याचे नाव नसले तरी चालेल. स्थानिक डॉक्टर संघटनेचे असले तर अधिक चांगले, कारण मग ते दुसऱ्यांच्या दवाखान्यातही लागेल.

मोठ्यांसाठी शिबिर घ्यायचे असेल तर ते जरूर घ्या, पण त्याची तयारी उलट्या टोकाकडून करा. शिबिराच्या दिवशी किती लोक येतील याची चिंता करण्यापूर्वी, ज्यांची साखर जास्त निघेल त्यांचे पुढच्या महिनाभरात काय होणार हे ठरवा. समजा १२० माणसे आली आणि २० जणांच्या बोटाच्या रक्तात साखर जास्त दिसली. ग्लुकोमीटरने निदान होत नाही, संशय येतो. निदानासाठी शिरेतील रक्ताची प्रयोगशाळेतील तपासणी लागते: उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा अधिक. आणि लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर न विसंबता पुन्हा खात्री करावी लागते. हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही, पण रांगेतील माणसाला ते कोणीतरी सांगावे लागते. नाहीतर तो 'शिबिरात शुगर निघाली' एवढे घेऊन घरी जातो, घाबरून गोड सोडतो, आठ दिवसांनी पुन्हा धरतो आणि पुढची तपासणी थेट डोळ्यांपुढे अंधारी आल्यावर करतो. असे शिबिर न घेतलेले बरे.

म्हणून त्या २० जणांची नावे आणि फोन क्रमांक, त्यांच्या लेखी संमतीने, एका वहीत घ्या आणि पंधरा दिवसांच्या आत प्रत्येकाला फोन जाईल अशी व्यवस्था करा. फोनवर 'आमच्याकडे या' असे न म्हणता 'तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी केली का' असे विचारा. कोणाला स्वतःचा डॉक्टर नसेल तर आयुष्मान आरोग्य मंदिराचा, म्हणजे जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राचा, पर्याय सांगा. सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात तिशीपुढील सर्वांची मधुमेह, रक्तदाब आणि तीन कर्करोगांसाठी तपासणी होते, याची अनेकांना कल्पनाच नसते. शिबिरापूर्वी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून घेतलेत तर हे दुवे आधीच जुळतील. यातून काही माणसे तुमच्याकडे येतील, काही दुसऱ्यांकडे जातील, आणि दुसऱ्यांकडे गेलेल्यांची नोंदही तुमच्या वहीत 'काम झाले' अशीच व्हायला हवी.

दिवस आणि वेळ निवडताना थोडा विचार करा. आठवडी बाजारच्या दिवशी गर्दी मिळते, पण बाजाराला आलेला माणूस दोन कप चहा पिऊन आलेला असतो, त्यामुळे उपाशीपोटीचा आकडा मिळत नाही. १४ नोव्हेंबर बहुतेक वर्षी दिवाळीच्या मागेपुढे येतो, घरोघरी फराळाचे डबे भरलेले असतात, आणि तुमच्या भागात त्याच सुमारास उसाची तोडणी सुरू झालेली असते. तोडणी कामगार दवाखान्याची पायरी सहसा चढत नाहीत, त्यांच्यासाठी तुम्हालाच भल्या पहाटे त्यांच्या तळावर जावे लागेल. सरसकट सर्वांच्या बोटाला टोचण्याऐवजी चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने तयार केलेला भारतीय मधुमेह जोखीम गुणांक आधी वापरा. वय, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह या चार गोष्टींवरून तो काढता येतो, त्याला एक मोजपट्टी पुरते, आणि ६० किंवा त्याहून अधिक गुण आलेल्यांवर पट्ट्या खर्च केल्या तर त्या सत्कारणी लागतात. रांगेत बरेच जण आधीपासून गोळ्या घेणारे असतील. त्यांना आणखी एक साखरेचा आकडा देऊन काय साधणार? त्यांचे जोडे काढायला लावा, दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (नायलॉनच्या बारीक तंतूने) तळपायाची संवेदना पाहा आणि डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला ते विचारा. पाय तपासणाऱ्या डॉक्टरची आठवण माणूस वर्षानुवर्षे ठेवतो, कारण आजवर त्याच्या पायांकडे फारसे कोणी पाहिलेले नसते.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आरोग्य शिबिरांचाही समावेश आहे. तेव्हा सुया न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, आणि दोन्ही तुमच्या नेहमीच्या कचरा संकलन व्यवस्थेकडे. प्रत्येकाला नवी सुई, हे सांगायला नको.

औषध कंपनीच्या पट्ट्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नका. कंपन्यांकडून भेटी व लाभ स्वीकारण्यावर डॉक्टरांसाठी २००९ च्या दुरुस्तीपासून बंधन आहे आणि कंपन्यांसाठी २०२४ ची विपणन संहिता आहे. पट्ट्या तपासणीसाठी आहेत, माझ्यासाठी नाहीत, असा युक्तिवाद करता येईल. पण त्यांच्यासोबत कंपनीचा फलक येतो, कंपनीचा प्रतिनिधी टेबलाशी बसतो आणि संध्याकाळी तो नावांची यादी मागतो. ती यादी तुमच्या हातून गेली की माणसाने सुई टोचून घेताना तुमच्यावर टाकलेला विश्वास तुम्ही परस्पर विकला असा त्याचा अर्थ होतो. गुणांकाने आधी निवड केलीत तर पट्ट्या कमी लागतील आणि तो खर्च तुम्हाला स्वतः पेलवेल. तपासणीसाठी पेशंट पाठवण्याच्या बदल्यात एखादी लॅब 'काहीतरी परत' देऊ करत असेल तर ती कट प्रॅक्टिसच आहे. तिला मधुमेह दिनाचे निमित्त जोडल्याने ती धुतली जात नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अशा दिनांमुळे पेशंट येतात का? फ्लेक्समुळे आणि पोस्टमुळे नाव कानावर पडते, हे खरे. पण तालुक्याच्या गावात माणूस डॉक्टर निवडतो तो शेजाऱ्याला, सासूला किंवा दूधसंस्थेतल्या कारकुनाला विचारून. त्या शेजाऱ्याकडे सांगण्यासारखे काही असावे लागते. 'त्यांनी पंधरा दिवसांनी फोन करून विचारले' हे सांगण्यासारखे आहे, 'त्यांचा फ्लेक्स मोठा होता' हे नाही. म्हणून माझा सल्ला असा की जाहिरात संस्थेला देऊ घातलेल्या पैशांत अर्धवेळ काम करणारी एखादी परिचारिका ठेवा, जिच्याकडे वहीतले फोन, पायांच्या तपासणीच्या तारखा आणि इन्शुलिन कसे टोचायचे हे शिकवण्याचे काम असेल. याचे फळ डिसेंबरमध्ये दिसणार नाही. कर्जाचा हप्ता डिसेंबरमध्येही भरायचा आहे, याची मला जाणीव आहे. पण तीन दिवसांच्या सवलतीला आलेली माणसे चौथ्या दिवशी दुसऱ्या सवलतीकडे जातात, तेव्हा त्या मार्गानेही तो हप्ता भरून निघणार नाही.

वर्षभरातील सगळे दिन पाळण्याच्या भानगडीत पडू नका. तुम्हाला मधुमेहाखेरीज फार तर १७ मेचा रक्तदाब दिन पुरे, आणि तुमच्या पतींना ऑगस्टचा स्तनपान सप्ताह. बाकी तुमच्या भागाचे स्वतःचे वेळापत्रक आहे. सर्पदंश जागृती दिन १९ सप्टेंबरला येतो, पण शेतकऱ्याचा पाय सापावर पडू लागतो तो पेरणीच्या दिवसांपासून. 'घट्ट बांधू नका, कापू नका, चोखू नका, हात-पाय न हलवता लगेच रुग्णालयात या' हा संदेश मृगाच्या आधी द्यायला हवा, तारीख कोणतीही असो. महिला दिनाच्या शिबिरात 'मोफत सोनोग्राफी' ठेवण्याचा कोणी आग्रह धरला तर मात्र ताबडतोब नाही म्हणा. नोंदणीच्या जागेबाहेर यंत्र नेणे गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली किती महागात पडते ते तुम्हाला माहीत आहेच.

राहिला फ्लेक्स. भाषणाची किंवा शिबिराची सूचना देणारा एक साधा फलक ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपंचायतीच्या परवानगीने लावायला हरकत नाही. त्यावर विषय, जागा, तारीख, वेळ, उपाशीपोटी यायचे की नाही, आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत आणावी ही सूचना मोठ्या अक्षरांत असू द्या. खाली लहान अक्षरांत तुमची नावे, पदव्या आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. फोटो कोणाचाच नको, तुमचा नको आणि उद्घाटनाला येऊ इच्छिणाऱ्या पुढाऱ्यांचाही नको. शिबिर संपल्यावर दुसऱ्या दिवशी तो फलक उतरवून घ्या आणि वहीतले फोन सुरू करा.